गाठीच्या निदानात घाई नको, हयगयही नको



भाताच्या रोपवाटिकेत पाखडासारखे तण उगवले तर कोवळेपणी ते भातासारखेच दिसते. पान खोडाला जेथे मिळते तेथे भाताला पातळ पांढुरका पापुद्रा असतो, पाखडाला नसतो. ही खूण पाहिली नाही तर तण राहते आणि भात उपटला जातो.

काही कर्करोगांचेही असेच आहे. ‘रॅब्डोमायोसार्कोमा’ हा स्नायूंसारख्या पेशींचा विरळा कर्करोग मुख्यतः मुलांना होतो. बहुधा त्याची गाठ दिसते. पण क्वचित तो हाडांतील मगजात पसरतो. मग मूल फिकट पडते, ताप येतो, अंगावर निळसर डाग उठतात. ही सारी लक्षणे रक्ताच्या कर्करोगाचीही आहेत. सूक्ष्मदर्शकाखालीही दोन्हींच्या पेशी लहान, गोल आणि गडद दिसू शकतात. उलट, रक्ताचा कर्करोगही कधी मांसात गाठ होऊन येतो; त्याला ‘मायलॉइड सार्कोमा’ म्हणतात.

मग ओळखायचे कसे? पेशींवरील खुणा तपासून. ‘सीडी ४५’ ही खूण बहुतेक रक्तपेशींवर असते, स्नायूच्या कर्करोगावर नसते. त्यात ‘डेस्मिन’ आणि ‘मायोजेनिन’ सापडतात. मात्र रक्ताच्या काही कर्करोगांतही ‘सीडी ४५’ दिसत नाही. म्हणून डॉक्टर एका खुणेवर न थांबता अनेक खुणा, आणि गरजेप्रमाणे जनुकेही तपासतात.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण उपचार वेगळे आहेत. रक्ताच्या कर्करोगात मुख्य भर औषधांवर असतो. स्नायूच्या कर्करोगात औषधे वेगळी, शिवाय शस्त्रक्रिया किंवा किरणोपचारही लागतात.

घरच्यांनी एवढे करावे :

१. वाढत जाणारी, खोल किंवा लिंबाहून मोठी गाठ दुखत नसली तरी दाखवावी. डाग देणे, चोळणे, लेप लावणे टाळावे.

२. काढलेली गाठ तपासणीस गेली का, हे आवर्जून विचारावे.

३. मोठ्या रुग्णालयात जाताना अहवालाबरोबर काचपट्ट्या आणि मेणातील तुकडा, म्हणजे ‘ब्लॉक’, मागून न्यावा. त्यावर पुन्हा तपासणी करता येते. मुंबईत परळला १९४१ पासून टाटा मेमोरियल हे कर्करोगाचे रुग्णालय आहे.

तपासणीला काही दिवस लागतात. ते वाया गेले असे समजू नये. मात्र रोगी अत्यवस्थ असेल तर डॉक्टर सांगतील तसे लगेच करावे.