घटस्फोटाचा हुकूमनामा : शोधावा कुठे, मिळवावा कसा

व्यापारी घरात कागदाचे महत्त्व कोणाला सांगावे लागत नाही. मोंढ्यातील मालाची पट्टी असो, भागीदारीचा करार असो की दुकानाचे खरेदीखत असो, सही आणि शिक्का पाहिल्यावाचून आपण पुढचे पाऊल टाकीत नाही. मात्र पुनर्विवाहाचे स्थळ आले की हीच माणसे संकोचतात. ‘‘घटस्फोट झालेला आहे, कागद वकिलांकडे आहेत,’’ एवढ्या एका वाक्यावर बोलणी पुढे सरकतात आणि साखरपुड्याची तिथी ठरते. पहिला विवाह कायद्याने संपलेला नसेल, तर दुसरा विवाह मुळातच रद्दबातल ठरतो आणि त्याची झळ प्रामुख्याने त्या घरात नव्याने आलेल्या मुलीला सोसावी लागते. म्हणून हा कागद नेमका कोणता, तो कुठे असतो आणि रीतसर कसा मिळतो, हे केज तालुक्यातील कुटुंबांच्या सोयीसाठी येथे मांडले आहे.

आपणास लागू असलेला कायदा

हिंदू विवाह कायदा, १९५५ याच्या कलम २ मध्ये बौद्ध, जैन व शीख यांचा स्पष्ट उल्लेख आहे. जानेवारी २०१४ मध्ये केंद्र शासनाने जैन समाजास अल्पसंख्याक म्हणून घोषित केले, तेव्हापासून याविषयी काही घरांत संभ्रम आहे. इंदूरच्या कुटुंब न्यायालयाने तर २०२५ च्या फेब्रुवारीत, जैनांना या कायद्याखाली दाद मागता येणार नाही, असे म्हणून एका जैन दांपत्याची परस्पर संमतीची याचिका फेटाळली होती. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये तो आदेश रद्द केला. अल्पसंख्याक दर्जाच्या अधिसूचनेमुळे विवाह कायद्यातील तरतूद बदलत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. तेव्हा आपल्या समाजातील घटस्फोटाचा कागद म्हणजे या कायद्याखाली न्यायालयाने दिलेला हुकूमनामा, हे प्रथम ध्यानी घ्यावे.

नगरपंचायत किंवा ग्रामपंचायत जन्म-मृत्यूचा दाखला देते, तसा घटस्फोटाचा दाखला कोणतेही कार्यालय देत नाही. देशभरातील घटस्फोटांची एकत्रित नोंदवहीही नाही. पंचांसमक्ष मुद्रांक कागदावर लिहिलेली सोडचिठ्ठी किंवा नोटरीपुढे केलेला फारकतनामा यांनी विवाह संपुष्टात येत नाही. कलम २९ मध्ये रूढीने होणाऱ्या घटस्फोटास जागा आहे, पण तशी रूढी त्या समाजात प्राचीन काळापासून अखंड चालत आल्याचे सिद्ध करण्याचा भार सांगणाऱ्यावर असतो.

कोणत्या न्यायालयात शोधावे?

अभिलेख विवाहाच्या गावी नव्हे, तर जेथे याचिका दाखल झाली तेथे असतो. कलम १९ नुसार विवाह जेथे झाला, सामनेवाला जेथे राहतो, पती-पत्नी जेथे शेवटचे एकत्र राहिले, अशा ठिकाणी याचिका करता येते. २००३ च्या दुरुस्तीनंतर पत्नी अर्जदार असेल तर तिच्या राहत्या ठिकाणीही ती करता येते. त्यामुळे केजच्या मुलाचा घटस्फोट लातूर, बार्शी किंवा पुण्याच्या न्यायालयात झालेला असणे सहज शक्य आहे. पहिल्या सुनेचे माहेर कोणते, हा प्रश्न म्हणूनच आधी विचारावा.

केज येथे दिवाणी व फौजदारी न्यायालय आहे. परंतु घटस्फोटाची याचिका कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढे चालत नाही. महाराष्ट्रात ती वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात अथवा जिल्हा न्यायालयात चालते, आणि जेथे कुटुंब न्यायालय स्थापन झाले आहे तेथे त्या न्यायालयात चालते. साहजिकच केजच्या कुटुंबाने अंबाजोगाई आणि बीड ही दोन्ही ठिकाणे पाहावीत.

येथे एक घोटाळा वारंवार होतो. पोटगीचा अर्ज किंवा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा अर्ज तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो. अशा प्रकरणात तडजोड झाली, रक्कम दिली गेली, दागिने परत केले गेले, की घरची मंडळी ‘कोर्टात सुटले’ असे समजतात. पोटगीच्या आदेशाने विवाह संपत नाही. दाखविलेल्या कागदावर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ अथवा १३-ब चा उल्लेख आणि ‘विवाह विघटित करण्यात येत आहे’ अशा आशयाचा स्पष्ट आदेश आहे का, हे पाहावे.

घरबसल्या प्राथमिक शोध

ई-कोर्ट्स सेवेच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइल अ‍ॅपवर महाराष्ट्र, मग बीड जिल्हा व न्यायालय संकुल निवडून पक्षकाराचे नाव आणि वर्ष यांवरून प्रकरण शोधता येते. प्रत्येक प्रकरणास सोळा अक्षरांकांचा एक सीएनआर क्रमांक असतो. तो मिळाल्यास पुढचे काम सोपे होते. शोधताना स्पेलिंगचे भान ठेवावे. इंग्रजीत केजचे नाव ‘काइज’ या वळणानेही लिहिले जाते. आडनावांचेही तसेच होते. पत्नीचे नाव कधी माहेरच्या, तर कधी सासरच्या आडनावाने नोंदलेले असते. पर्यायी नावांनी दोन-चार वेळा शोधल्यावाचून ‘प्रकरण नाही’ असा निष्कर्ष काढू नये. संगणकीकरणापूर्वीची प्रकरणे तेथे नसण्याचा संभव असतो. अशा वेळी न्यायालयातील नोंदवही आणि जुन्या वकिलांची फाईल हाच मार्ग उरतो.

संकेतस्थळावर ‘निकाली’ असा शेरा दिसला म्हणजे घटस्फोट मंजूर झाला असे नव्हे. याचिका फेटाळली, काढून घेतली किंवा गैरहजेरीत निकाली निघाली, तरीही प्रकरण निकालीच असते.

नक्कल कशी मिळते?

न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज द्यावा लागतो. त्यात प्रकरणाचा प्रकार, क्रमांक व वर्ष, पक्षकारांची नावे, निकालाची तारीख आणि हवे असलेले कागद नमूद करावेत. ठरलेले कोर्ट फी स्टॅम्प व नकलेचे शुल्क भरले की सही-शिक्क्याची प्रत मिळते. निकड असल्यास जादा शुल्क भरून तातडीच्या नकलेसाठी अर्ज करता येतो. निकाल जुना असेल तर फाईल अभिलेख कक्षातून मागवावी लागते व त्यास वेळ लागतो. दिवाळीतील आणि मे महिन्यातील न्यायालयीन सुट्ट्यांचाही विचार करावा. चातुर्मास संपल्यानंतरचा मुहूर्त धरायचा असेल, तर नकलेचा अर्ज पर्युषणापूर्वीच दिलेला बरा.

निकालपत्र आणि हुकूमनामा हे दोन वेगळे कागद आहेत. निकालपत्रात कारणमीमांसा असते, तर हुकूमनाम्यात आदेश असतो. दोन्ही घ्यावेत. परस्पर संमतीचे प्रकरण असल्यास तडजोडीच्या पुरसिसची नक्कलही घ्यावी, कारण स्त्रीधन, कायम पोटगी आणि मुलांचा ताबा यांच्या अटी तिच्यात असतात.

पुष्कळांना ठाऊक नसलेली एक तरतूद अशी : कलम २३ च्या पोटकलम ४ नुसार घटस्फोटाचा हुकूमनामा देणाऱ्या न्यायालयाने त्याची एक प्रत प्रत्येक पक्षकारास विनामूल्य द्यावयाची असते. निकालाच्या वेळीच ती मागून घ्यावी. पक्षकार परगावी असल्यास वकिलामार्फत किंवा मुखत्यारपत्र दिलेल्या व्यक्तीमार्फत अर्ज करता येतो.

त्रयस्थाची गोष्ट निराळी. वधूपित्यास दुसऱ्याच्या घटस्फोटाची नक्कल हक्क म्हणून मागता येत नाही. त्यास कारण नमूद करून न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. माहिती अधिकाराचा अर्जही येथे उपयोगी पडत नाही. न्यायालयीन अभिलेखाच्या नकला न्यायालयाच्या नियमांनुसारच घ्याव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने गुजरात उच्च न्यायालयासंबंधीच्या प्रकरणात मार्च २०२० मध्ये सांगितले आहे. म्हणून सरळ मार्ग एकच : समोरच्या कुटुंबाकडून सही-शिक्क्याची प्रत मागावी आणि तिच्यावरील क्रमांक व तारीख ई-कोर्ट्सवरील नोंदीशी ताडून पाहावी.

प्रत हाती आल्यावर काय पाहावे?

पहिली गोष्ट अपिलाची. हिंदू विवाह कायद्याखाली अपिलाची मुदत ९० दिवसांची आहे, आणि नक्कल मिळण्यास लागलेला काळ तीतून वगळला जातो. कलम १५ नुसार अपिलाचा हक्क नसेल, मुदत अपिलाविना उलटली असेल किंवा अपील फेटाळले गेले असेल, तरच पुनर्विवाह करता येतो. वरिष्ठ स्तर न्यायालयाच्या हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात, तर जिल्हा व कुटुंब न्यायालयाच्या हुकूमनाम्यावर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात अपील होते. तेथेही नावाने शोध घ्यावा.

दुसरी गोष्ट, निकाल एकतर्फी आहे काय? सामनेवाल्यास समन्स योग्य रीतीने बजावले गेले नसेल, तर तो हुकूमनामा पुढे रद्द होऊ शकतो आणि तसा अर्ज करण्याची मुदत निकाल कळल्यापासून मोजली जाते. अशा प्रकरणात रोजनामा व समन्सचा अहवाल वकिलांकडून तपासून घ्यावा.

पहिला विवाह कायम असताना दुसरा करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली गुन्हा आहे आणि पहिला विवाह लपवून केल्यास शिक्षा अधिक कडक आहे. पुनर्विवाहाची नोंदणी, पारपत्रातील जोडीदाराचे नाव, परदेशचा व्हिसा यांसाठीही हाच हुकूमनामा लागतो. बँक ठेव व विमा यांवरील नामनिर्देशन केवळ घटस्फोटाने आपोआप बदलत नाही. ते स्वतंत्र अर्ज करून बदलावे लागते, हे दुकानाचे हिशेब पाहणाऱ्यांनी विसरू नये.

मर्यादा राखून

कलम २२ नुसार या कायद्याखालील कामकाज बंद दालनात चालते आणि त्यातील मजकूर छापणे वा प्रसिद्ध करणे दंडनीय आहे. याचिकेत दोन्ही बाजूंनी केलेले आरोप असतात आणि ते सर्वच सिद्ध झालेले नसतात. म्हणून स्थळाच्या चौकशीत हुकूमनामा, तडजोडीच्या अटी आणि अपिलाची स्थिती एवढेच मागावे. याचिकेतील पाने मागू नयेत. हाती आलेला कागद नातलगांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात फिरवू नये. ज्यांचा घटस्फोट झाला आहे त्यांनीही दोन प्रमाणित प्रती घरी जपून ठेवाव्यात आणि बोलणी सुरू होताच त्यांपैकी एक आपणहून पुढे ठेवावी. म्हणजे समोरच्या वधूपित्याला मागण्याचा संकोच पडणार नाही आणि देणाऱ्यावर खुलासे करण्याची वेळ येणार नाही.