बेडूक : शेतांतील विषाचा पहारेकरी

पिकाची आणेवारी नजरेनें ठरवितां येते. परंतु फवारलेल्या औषधापैकीं किती पिकावर राहिलें व किती पावसाबरोबर नाल्यांत गेलें, याची आणेवारी कोण करणार? त्यास प्रयोगशाळा पाहिजे हें खरें. तथापि धुऱ्याकडेच्या डबक्यांत निसर्गानें एक पहारेकरी विनावेतन बसविला आहे. तो म्हणजे बेडूक होय.

बेडकाची कातडी पातळ व ओलसर असते. तो तोंडानें पाणी पीत नाहीं. कातडीनेंच शोषून घेतो, व श्वासही बऱ्याच अंशीं तिच्याच द्वारें घेतो. त्याच्या अंड्यांस कवच नसतें, केवळ बुळबुळीत वेष्टन असतें. शेपटीचीं पिलें पाण्यांत वाढतात आणि पाय फुटल्यावर जमिनीवर येऊन किडे खातात. त्यामुळें पाणी, माती व भक्ष्य या तिन्ही वाटांनीं विष त्यास गांठतें.

तणनाशक गवतासाठीं आहे, त्यानें प्राण्यांस काय होणार, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाहीं. अमेरिकेंतील पिट्सबर्ग विद्यापीठाचे रिक रेलिया यांनीं 2005 सालीं ग्लायफोसेटयुक्त तणनाशकानें बेडकांचीं पिलें मोठ्या संख्येनें मरतात असें प्रयोगानें दाखविलें. त्यापूर्वीं 2002 सालीं कॅलिफोर्निया विद्यापीठाचे टायरोन हेज यांनीं मक्यांतील अॅट्राझीन या तणनाशकाविषयीं असें प्रसिद्ध केलें कीं, एक अब्ज भाग पाण्यांत त्याचा एक दशांश भाग असला तरी नर बेडकांत मादीचीं इंद्रियें उत्पन्न होतात. या निष्कर्षावर पुढें मोठा वाद झाला, हेंही वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

हा विषय केवळ बेडकांचा नव्हे. वरोऱ्याच्या पश्चिमेस वर्धा नदी ओलांडली कीं यवतमाळ जिल्हा लागतो. तेथें 2017 सालीं कपाशीवरील फवारणीनें विषबाधा होऊन वीस किंवा त्याहून अधिक शेतकरी व मजूर दगावले आणि शेंकडों लोक रुग्णालयांत गेले. फवारणाऱ्या माणसासही कातडी आहेच.

महसुली कारकुनीच्या संवयीनें मी असें सुचवितों कीं, पीकपाहणीप्रमाणें बेडूकपाहणीचीही एक वही ठेवावी. फवारलेल्या वावराजवळचें एक डबकें व गायरानांतील एक, अशीं दोन निवडावीं. पहिल्या पावसानंतर बेडूक कोणत्या तारखेस ओरडले, अंड्यांचे पुंजके किती दिसले, पिलें चपळ आहेत कीं उलटीं तरंगतात, आणि पायांत व्यंग असलेलीं किती, हें दर आठवड्यास लिहावें. त्याच पानावर फवारणीची तारीख, औषधाचें नांव व पावसाची नोंद करावी.

मात्र एका मेलेल्या बेडकावरून निवाडा करूं नये. रोग, परोपजीवी कृमी अथवा डबकें आटणें यांनींही पिलें मरतात. फवारणीमागून एकाच डबक्यांत वारंवार मरतूक होऊं लागली तरच संशय धरावा व कृषि अधिकाऱ्यास वही दाखवावी. उलटपक्षीं, बेडूक जिवंत आहेत म्हणून तें पाणी पिण्यास योग्य ठरत नाहीं.

बेडूक किडे खाऊन पिकाचें रक्षण करतो. त्याच्या तंगड्यांची निर्यात सरकारनें 1987 सालीं बंद केली. आपण निदान फवाऱ्याचा पंप बोडींत वा नाल्यांत धुऊं नये आणि रिकाम्या बाटल्या बांधावर टाकूं नयेत. ज्या वावरांत मृगाच्या पावसांतही बेडूक ओरडत नाहीं, तेथील कास्तकारानें आपल्या विहिरीचें पाणी तपासून घेण्यास विलंब लावूं नये.