मिशन थांबेल, आधी पिझ्झा पोचवू!

लिबर्टी सिटीतला डॉन फोनवरून धमकावतोय. त्याचा माल गेलाय, पैसाही गेलाय. आणि ज्याच्यावर हे सगळं शेकलंय तो टॉमी व्हर्सेटी स्कूटरवर बसून घरोघरी पिझ्झा टाकत फिरतोय! ‘जीटीए व्हाइस सिटी’ (२००२) खेळलेल्या कुणालाही यात काही वावगं वाटणार नाही. उलट पिझ्झाच्या सगळ्या फेऱ्या पूर्ण केल्या की टॉमीची तब्येत शंभरावरून दीडशेवर जाते. म्हणजे उनाडकीचं चक्क बक्षीस.

गुन्हेगारी जगतावरच्या ओपन-वर्ल्ड, म्हणजे शहरभर मोकळं भटकू देणाऱ्या गेममध्ये हे भांडण कायमचंच. गोष्ट म्हणते, ‘चल लवकर, वेळ नाही.’ शहर म्हणतं, ‘बस रे, घाई काय आहे?’

आधी उनाडकी, मग गोष्ट

स्कॉटलंडमधल्या डंडी गावात ‘डीएमए डिझाइन’ नावाची कंपनी ‘रेस एन चेस’ हा चोर-पोलिसांचा गेम बनवत होती. तो काही केल्या रंगेना. मग पोलिसांच्या गाड्यांचं प्रोग्रॅमिंग कुठेतरी गंडलं आणि त्या पाठलाग सोडून वेड लागल्यासारख्या थेट धडका द्यायला लागल्या. टेस्ट करणाऱ्या मंडळींना तेच सगळ्यात आवडलं! १९९७ साली हा गेम ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ (म्हणजेच जीटीए) या नावाने बाजारात आला. कंपनीचे संस्थापक डेव्हिड जोन्स तर या गेमचं मूळ थेट पॅकमॅनमध्ये सांगतात : ठिपके म्हणजे रस्त्यावरची माणसं आणि भुतं म्हणजे पोलीस.

त्या पहिल्या गेममध्ये गोष्ट नावापुरतीच होती. ठरलेले पॉइंट झाले की पुढची पातळी. ते फोन उचलून, मिशन करून मिळवा नाहीतर नुसता धुडगूस घालून, गेमला काही पडलेली नव्हती. रस्त्याने भगव्या वस्त्रांतल्या हरे कृष्ण भक्तांची रांग चाललेली असायची. ती सबंध रांग गाडीखाली चिरडली की पडद्यावर ‘गौरांग’ अशी अक्षरं झळकायची आणि घसघशीत बोनस मिळायचा. चैतन्य महाप्रभूंचं नाव अशा कामी येईल, असं कुणाला वाटलं असतं?

पंख कापले तरी उडणारच

‘जीटीए ३’ (२००१) मध्ये ‘डोडो’ नावाचं विमान होतं, पण पंख छाटलेलं. ते उडावं अशी बनवणाऱ्यांची इच्छाच नव्हती. पोरांनी नाक वर-खाली करत, तोल सांभाळत ते मिनिटामिनिटांनी जास्त उडवायला शिकून घेतलं. आणि मग शहराच्या पलीकडे त्यांना काय दिसलं? एक ओसाड वस्ती! सुरुवातीला बँक लुटली जाते त्या प्रसंगासाठी उभारलेला तो सेट होता, काम झाल्यावर तिथेच राहिलेला. मला या सबंध प्रकारातला हा सर्वांत गोड किस्सा वाटतो. भटक्यांनी विमान नेऊन उतरवलं ते थेट गोष्टीच्या विंगेत.

लाल सिग्नल पाळणारा गुंड

दुसऱ्या टोकाला चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरात तयार झालेला ‘माफिया’ (२००२). काळ १९३०च्या दशकातला, नायक टॉमी अँजेलो, साधा टॅक्सीवाला. इथे सिग्नल तोडला की पोलीस मागे, वेग जास्त झाला की पोलीस मागे. म्हणून गाडीला वेगमर्यादेत ठेवणारं एक वेगळं बटणच दिलेलं. त्यात गाड्या अशा की चढावर धापा टाकतात. मनसोक्त भटकायचं तर ‘फ्री राइड’ हा वेगळा कप्पा, गोष्टीत लुडबूड नको. अनेकांना हे रटाळ वाटलं. माझं मत उलट आहे. मुकाट्याने सिग्नलला थांबणारा माणूस पुढे बंदूक उचलतो तेव्हा ते खरं वाटतं. (त्यातली मोटारींची शर्यत मात्र नुसता छळ. ती जिंकल्याशिवाय गोष्ट तसूभर हलत नाही.)

त्याच वर्षीच्या ‘द गेटअवे’ने तर पडद्यावरचा नकाशाच काढून टाकला. खऱ्या लंडनच्या रस्त्यांवर वाट कशी कळणार? वळायचं असेल त्या बाजूचा गाडीचा इंडिकेटर लुकलुकायचा. गोळी लागली तर भिंतीला टेकून दम खायचा, की तब्येत ठीक. अगदी सिनेमासारखं!

१९४७चं लॉस एंजेलिस निगुतीने उभं करणाऱ्या ‘एल. ए. न्वार’ने (२०११) त्यावर कडी केली. कंटाळा आला तर गाडी जोडीदार पोलिसाच्या ताब्यात द्या, तो थेट मुक्कामी पोचवेल. एवढं मोठं शहर बांधलं आणि ते न बघण्याचीही सोय केली.

फोन आलाय, उचलू का?

‘जीटीए ४’ (२००८) ने भटकंतीच गोष्टीत शिवायचा प्रयत्न केला. नायकाचा चुलतभाऊ रोमन वेळी-अवेळी फोन करणार, ‘बोलिंगला येतोस का?’ नाही म्हटलं की त्याचा रुसवा. पोलीस मागे लागलेले असतानाही फोन! आपल्याकडच्या नातेवाइकांनाच हे सुचावं.

हाँगकाँगमधल्या ‘स्लीपिंग डॉग्स’ची (२०१२) शक्कल जास्त चलाख. नायक वेई शेन हा टोळीत घुसलेला पोलीस. म्हणून प्रत्येक मिशनमध्ये गुणांचे दोन हिशोब. मारामारी झकास केली की टोळीचे गुण वाढतात, रस्त्यावरच्या निरपराध माणसाला ठोकर दिली की पोलिसांचे कापले जातात. नायकाच्या मनातली ओढाताण थेट मार्कशीटवर.

छोटं गाव, मोठा उद्योग

मोठा नकाशा म्हणजे जास्त मजा, हा समज सेगाच्या ‘याकुझा’ मालिकेने २००५ सालीच मोडीत काढायला घेतला. टोकियोच्या काबुकिचो भागावर बेतलेलं कामुरोचो काही मिनिटांत पायी पालथं घालता येतं. पण प्रत्येक कोपऱ्यावर कुणीतरी अडचणीत सापडलेलं! मुख्य गोष्ट रडवेल इतकी गंभीर आणि बाजूच्या गोष्टी पार चक्रम. ‘याकुझा झीरो’त नायक किर्यूने बोलिंगमध्ये लागोपाठ तीन स्ट्राइक मारले की बक्षीस म्हणून कोंबडी मिळते. पुढे तीच कोंबडी त्याच्या जमीन-जुमल्याच्या धंद्यात मॅनेजर म्हणून रुजू होते.

मुंबईलाही या पंगतीत पान मिळालं. ‘हिटमॅन २’ (२०१८) पूर्ण ओपन-वर्ल्ड नाही, पण त्यातली मुंबई म्हणजे खोड्यांचं मैदानच. चाळी, धोबीघाट, अर्धवट बांधलेला टॉवर आणि स्वतःच्याच सिनेमात हिरो झालेला निर्माता दावूद रंगन. त्याला आपण मारायलाच हवं असं नाही. दुसराच एक मारेकरी शहरात आलेला असतो. त्याची नीट सोय लावून दिली तर आपलं काम तोच उरकतो!

अफवेचं मिशन झालं

‘जीटीए सॅन अँड्रियाज’ (२००४) च्या जंगलात ‘बिगफूट’ हा केसाळ राक्षस आहे, अशी आवई उठली. गेम बनवणाऱ्या कंपनीने नाही म्हणून सांगितलं. ऐकतंय कोण? रात्र-रात्र माउंट चिलियाड धुंडाळणं चालूच. शेवटी ‘जीटीए ५’ (२०१३) मध्ये बनवणाऱ्यांनी या वेडाचं रीतसर मिशन करून टाकलं. अट एकच, आधी सगळा गेम शंभर टक्के पूर्ण करायचा. मग नायक फ्रँकलिनला एक शिकारी भेटतो, बिगफूटच्या मागावर पाठवतो, आणि झाडीतून माग काढत गेल्यावर हाती लागतो तो केसाळ पोशाख चढवलेला माणूस.