गाजलेली गाणी कोणाची? ‘नो रिमॉर्स’ची कहाणी

एखाद्या कलावंताच्या गाजलेल्या गाण्यांचा संग्रह बाजारात आला, की त्याचे दोन अर्थ लावले जातात. कलावंताने मोठा पल्ला गाठला, हा एक. आणि त्याच्याकडे नवे देण्यासारखे काही उरले नाही, हा दुसरा. ब्रिटनमधील ‘मोटरहेड’ या हेवी मेटल बॅन्डचा असा संग्रह काढण्याचे ‘ब्रॉन्झ रेकॉर्ड्स’ या कंपनीने १९८४ साली ठरविले, तेव्हा बॅन्डचा प्रमुख लेमी किलमिस्टर याने दुसरा अर्थ काढला. कंपनी आपल्याला निकालात काढू पाहत आहे, असे त्याला वाटले. त्यातून जन्मलेला ‘नो रिमॉर्स’ हा दुहेरी एलपी अशा संग्रहांमागील व्यवहार समजून घेण्यासाठी उत्तम उदाहरण ठरतो.

एक गाणे, दोन हक्क

ध्वनिमुद्रित गाण्यात साधारणपणे दोन स्वतंत्र हक्क असतात. शब्द आणि चाल यांचा हक्क गीतकार-संगीतकाराकडून सुरू होतो. प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाचा हक्क मात्र करारानुसार बहुधा कंपनीकडे जातो. स्टुडिओचा खर्च कंपनी आगाऊ करते आणि तो कलावंताच्या मानधनातून वळता करून घेते. खर्च फिटला तरी मूळ मुद्रण कंपनीचेच राहते. साहजिकच जुनी गाणी एकत्र करून नवी तबकडी काढणे कंपनीला स्वस्त पडते. त्यासाठी ना स्टुडिओ लागतो, ना कलावंताची नवी निर्मिती. पुष्कळदा त्याची संमतीही लागत नाही.

या दोन हक्कांतील फरक लेमीने पुढे स्वतः अनुभवला. ऑझी ऑस्बर्न याच्या १९९१ मधील ‘नो मोअर टियर्स’ या अल्बमच्या चार गाण्यांसाठी त्याने शब्द लिहिले. मोटरहेडमध्ये इतकी वर्षे राबून मिळाले नाहीत तेवढे पैसे आपल्याला या गाण्यांनी दिले, असे त्याने नमूद केले आहे.

त्रिकुटातील एकटा

१९८४ साली लेमीची बाजू कमकुवत होती. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या या बॅन्डला ‘एस ऑफ स्पेड्स’ने १९८० मध्ये मोठी कीर्ती मिळवून दिली. पुढच्याच वर्षी ‘नो स्लीप टिल हॅमरस्मिथ’ हा मैफलीतील मुद्रणांचा अल्बम ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. मात्र गिटारवादक एडी क्लार्क १९८२ मध्ये बाहेर पडला. त्याच्या जागी आलेल्या ब्रायन रॉबर्टसनसोबत केलेला १९८३ चा अल्बम जुन्या चाहत्यांना फारसा रुचला नाही आणि रॉबर्टसनही गेला. १९८४ मध्ये ड्रमवादक फिल टेलर यानेही निरोप घेतला. कीर्ती मिळविणाऱ्या त्रिकुटातील लेमी तेवढा उरला.

त्याने फिल कॅम्पबेल आणि वुर्झेल हे फारसे परिचित नसलेले दोन गिटारवादक निवडले. ‘सॅक्सन’ बॅन्डमधील पीट गिल ड्रमवर आला. नव्या चौकडीने आपले पहिले पाऊल टाकण्याच्या सुमारासच कंपनीने जुन्या गाण्यांचा संग्रह पुढे केला होता.

चार बाजू, चार नवी गाणी

मुद्रणे कंपनीची असल्याने संग्रह थांबविणे लेमीला कठीण होते. त्याने वेगळा मार्ग काढला. संग्रह निघणारच असेल तर गाणी आपण निवडू आणि नव्या चौकडीची चार गाणीही त्यात असतील, असा आग्रह त्याने धरला. तो मान्य झाला.

‘नो रिमॉर्स’मध्ये एकूण २४ गाणी आहेत. ‘ओव्हरकिल’, ‘बॉम्बर’, ‘एस ऑफ स्पेड्स’ ही अपेक्षित नावे आहेतच; शिवाय एकेरी तबकड्यांच्या मागच्या बाजूला राहिलेली आणि मूळ स्टुडिओ अल्बममध्ये नसलेली गाणीही आहेत. ‘गर्लस्कूल’ या महिलांच्या बॅन्डबरोबर केलेले आणि १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘प्लीज डोन्ट टच’ हे अशा अल्बमबाहेरच्या गाण्यांपैकी एक.

खरी मेख मांडणीत आहे. एलपीच्या चार बाजूंपैकी प्रत्येकीच्या शेवटी एक नवे गाणे ठेवले आहे. श्रोता कोणत्याही बाजूने सुरुवात करो, तबकडी उलटण्यापूर्वी तो नव्या मोटरहेडपाशीच येऊन थांबतो. गतकाळाचा आढावा म्हणून कंपनीने योजलेल्या वस्तूचे रूपांतर लेमीने बॅन्ड जिवंत असल्याच्या घोषणेत केले. काही प्रतींना चामड्याचे वेष्टण असलेला हा संग्रह ब्रिटनच्या यादीत १४ व्या क्रमांकापर्यंत गेला.

कोर्टकचेरी आणि नंतर

यश मिळूनही बॅन्ड आणि कंपनी यांच्यातील अविश्वास मिटला नाही. प्रकरण न्यायालयात गेले आणि त्या काळात बॅन्डला नवे ध्वनिमुद्रण करता आले नाही. मैफलींवर गुजराण करीत त्याने दिवस काढले. पुढचा अल्बम ‘ऑर्गॅझमॅट्रॉन’ १९८६ मध्ये दुसऱ्या कंपनीकडून आला. ब्रॉन्झ कंपनी पुढे बंद पडली. तिची मुद्रणे मात्र मालमत्तेप्रमाणे एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिली.

लेमीचे २८ डिसेंबर २०१५ रोजी निधन झाले आणि मोटरहेडही संपले. २०२१ मध्ये ‘एव्हरीथिंग लाउडर फॉरएव्हर’ हा ४२ गाण्यांचा संग्रह निघाला. या वेळी निवडीसाठी आग्रह धरायला लेमी नव्हता. त्या यादीत ‘किल्ड बाय डेथ’ आणि ‘स्नॅगलटूथ’ ही गाणी आहेत. ‘नो रिमॉर्स’साठी लेमीने हट्टाने घालायला लावलेल्या चार नव्या गाण्यांपैकी ही दोन. बॅन्ड संपलेला नाही हे सांगण्यासाठी १९८४ मध्ये जी गाणी जोडली गेली, तीच आता त्याच्या गाजलेल्या गाण्यांत गणली जातात.