केमोच्या काळात जोडीदाराचे काम

केमोथेरपी म्हणजे पेशींची वाढ रोखणारी औषधे ठरावीक अंतराने शिरेतून किंवा गोळ्यांच्या रूपात देणे. वेगाने विभागणाऱ्या पेशींवर ही औषधे घाव घालतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात, पण अस्थिमज्जा, तोंडाचे आणि आतड्याचे अस्तर, केसांची मुळे यांचीही वाढ वेगाने होते, म्हणून त्यांनाही झळ बसते. निरोगी पेशींना सावरायला वेळ मिळावा यासाठी दोन केमोंमध्ये अंतर ठेवतात. ते बहुधा २१ दिवसांचे असते, काही उपचारक्रमांत १४ किंवा ७ दिवसांचे. औषध चढवण्याचा एक दिवस दवाखान्याचा, बाकीचे वीस दिवस घरचे. त्या वीस दिवसांत रुग्णाकडे बघणारा माणूस बहुतेक घरांत नवरा किंवा बायकोच असते. त्याने धीर द्यावा, एवढीच अपेक्षा सगळे करतात. प्रत्यक्षात त्याला सर्वांत आधी दिवसांचा हिशेब ठेवावा लागतो.

यवतमाळ जिल्ह्यात या हिशेबात अंतरही धरावे लागते. शहरात वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, पण कर्करोगाच्या उपचारासाठी जिल्ह्यातले अनेक रुग्ण सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूर गाठतात. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (‘मेडिकल’), राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था हे नेहमीचे पर्याय आहेत. जामठा वर्धा रोडवर, शहराच्या अलीकडे आहे. यवतमाळ–वर्धा मार्गे येणाऱ्याला त्यासाठी नागपुरात शिरावे लागत नाही. यवतमाळहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर, उमरखेड-पुसदहून त्याहून बरेच लांब. मुंबईच्या टाटा रुग्णालयात जायचे तर धामणगाव किंवा वर्ध्याहून रेल्वे धरावी लागते. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला रेल्वे बंद पडली आहे आणि वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गाचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले आहे.

इतक्या लांब जाऊन केमो न होताच परतण्याची वेळ येऊ शकते, आणि ती टाळणे जोडीदाराच्या हातात असते. प्रत्येक केमोआधी रक्ताची तपासणी होते. पांढऱ्या पेशींपैकी जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिलांची संख्या साधारण दीड हजाराच्या आणि प्लेटलेटची एक लाखाच्या खाली असेल, तर डॉक्टर बहुधा केमो पुढे ढकलतात. म्हणून एक-दोन दिवस आधी यवतमाळ, वणी किंवा पुसदच्या लॅबमध्ये रक्त देऊन रिपोर्ट दवाखान्याला फोनवर पाठवता येईल का, हे पहिल्याच भेटीत विचारून ठेवावे. सगळीकडे ही सोय नसते. जिथे असते तिथे एका दिवसाची मजुरी, गाडीभाडे आणि रुग्णाचे हाल वाचतात.

दुसरे काम फाईलचे. बायोप्सीचा मूळ रिपोर्ट, स्कॅन, प्रत्येक केमोची तारीख, औषधांची नावे आणि मात्रा, आधीपासून चालू असलेल्या शुगर-बीपीच्या गोळ्या, कोणत्या औषधाने अंगावर पुरळ आले, हे सगळे एकाच फाईलमध्ये लावावे आणि प्रत्येक कागदाचा फोटो मोबाईलमध्ये असावा. बस चुकली तर दुसरी मिळते, हरवलेला बायोप्सी रिपोर्ट सहजी मिळत नाही.

केमोच्या दिवशी जोडीदाराची खरी गरज सलाईन लागल्यानंतर असते. डॉक्सोरुबिसिनसारखे काही औषध शिरेबाहेर झिरपले तर आजूबाजूची कातडी जाळते. हे औषध लालभडक असते. नर्स ते सिरिंजने हळूहळू देते. सुईजवळ आग होते आहे, जागा सुजली आहे किंवा ताणल्यासारखी वाटते आहे, असे रुग्णाने म्हटले की त्याच क्षणी नर्सला हाक मारायची. ‘थोडं सहन कर’ हे वाक्य इथे धोक्याचे आहे. आपल्याकडच्या बायका तर कोणी न सांगताच सहन करतात, म्हणून नवऱ्याने मधूनमधून मुद्दाम विचारावे. याच औषधामुळे पुढचे एक-दोन दिवस लघवी लालसर होते; ते रक्त नसते. आधी कळले असेल तर घरात घबराट होत नाही.

पहिले दोन-तीन दिवस बरेचदा बरे जातात. उलटी व ॲलर्जी टाळण्यासाठी दिलेल्या स्टेरॉइडमुळे भूक लागते, झोप उडते, बोलणे वाढते, मधुमेह असेल तर साखर चढते. स्टेरॉइड थांबले की तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास माणूस एकदम गळून जातो, चिडतो, रडतो. काल चांगली बोलत होती, आज तोंड फिरवून पडली आहे, याचा अर्थ घरचे लोक आपापल्या परीने लावतात आणि निष्कारण मने दुखावतात. असे दोन वेळा झाले की जोडीदाराला त्याचा ठेका कळतो. वहीत दिवस टिपून ठेवले तर पुढच्या वेळी पाहुणे कधी बोलवायचे आणि कधी नाही, हेही ठरवता येते.

सातव्या ते चौदाव्या दिवसांमधला काळ सर्वांत नाजूक असतो, कारण तेव्हा पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असतात. बाहेरून मात्र रुग्ण सावरलेला दिसतो, जेवू लागलेला असतो, आणि घरचे निर्धास्त होतात. या दिवसांत घरात चालू स्थितीतला डिजिटल थर्मामीटर हवाच. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप, अथवा थंडी वाजून हुडहुडी भरणे, ही तातडीची अवस्था आहे. अशा वेळी न्यूट्रोफिल कमी असतील तर साधा जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो. दवाखान्यात पोचल्यापासून तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हावे, असा वैद्यकाचा दंडक आहे. घरी पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहणे ही सर्वांत घातक चूक. गोळीने ताप झाकला जातो, संसर्ग वाढतच राहतो. नागपूर लांब असले तर आधी जवळचे मोठे रुग्णालय गाठावे, १०८ ला फोन करावा आणि दारातच सांगावे: ‘केमो चालू आहे, शेवटची अमुक तारखेला झाली.’ एवढ्या वाक्याने रांगेतला क्रम बदलतो. ते एका कागदावर औषधांच्या नावांसह लिहून पाकिटात ठेवलेले बरे, कारण रात्री दोनला कोणाला सायक्लोफॉस्फामाइड आठवत नाही.

जेवणाबद्दल सल्ले देणारे भरपूर भेटतात. खरी गरज साधी असते: थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा, ताजे शिजवलेले आणि प्रथिने असलेले. मुगाची पातळ खिचडी, तुरीचे वरण, ज्वारीच्या कण्या, पूर्ण उकडलेले अंडे, सोलून खायची केळी-संत्री हे सगळे जिल्ह्यात घरोघरी मिळते. पाणी उकळून गार केलेले. कापलेली फळे, उघड्यावरचे पदार्थ, न तापवलेले दूध टाळावे. तोंड आले असेल तर तिखट आणि फोडणी बाजूला ठेवावी आणि मीठ-खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने दिवसातून चार-सहा वेळा चुळा भराव्यात. फोडणीच्या वासाने मळमळ वाढते, म्हणून स्वयंपाक दुसऱ्याने आणि रुग्णापासून दूर करावा. तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णासमोर घरातल्या दुसऱ्या कोणी तंबाखूचा खर्रा घोटणे हा प्रकार विदर्भात अजूनही दिसतो. त्यावर पत्नीने भांडावे, हे भांडण उपचाराचाच भाग आहे. जडीबुटी, काढे, भस्मे यांतली काही द्रव्ये यकृतावर ताण आणतात किंवा केमोच्या औषधांचा परिणाम बदलतात. द्यायचेच असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे, लपवून तर मुळीच देऊ नये.

कर्करोग स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने, शेजारी झोपल्याने पसरत नाही. रुग्णाचे ताट-तांब्या वेगळा काढण्याला कोणताही आधार नाही. केमोनंतर साधारण ४८ तास मात्र औषधाचा अंश लघवी, शौच आणि उलटीत असतो. ते साफ करताना हातमोजे घालावेत, संडासात दोनदा पाणी टाकावे, माखलेले कपडे वेगळे धुवावेत. उपचार चालू असताना गर्भ राहणे धोक्याचे, म्हणून शरीरसंबंधात निरोध वापरावा. मूल हवे असलेल्या तरुण जोडप्याने याविषयी पहिल्या केमोच्या आधी डॉक्टरांशी बोलायला हवे. नंतर उशीर होतो. ओपीडीतल्या गर्दीत हा प्रश्न कोणी आपणहून काढत नाही.

नवरा आजारी पडला की बायको घर, शेत आणि दवाखाना तिन्ही ओढते, हे गृहीतच धरले जाते. उलट घडते तेव्हा चित्र डगमगते. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गंभीर आजाराच्या ५१५ विवाहित रुग्णांची पाहणी झाली. रुग्ण पत्नी असताना संसार मोडण्याचे प्रमाण २०.८ टक्के निघाले, रुग्ण पती असताना २.९ टक्के. आपल्याकडे घटस्फोट तितके होत नाहीत. बायकोला ‘बरं वाटेपर्यंत’ माहेरी धाडले जाते आणि तिच्यासोबत भाऊ किंवा आई नागपूरच्या फेऱ्या करते. त्यात माया नसते असे नाही, पण वर सांगितलेली वही कोणाकडेच राहत नाही. नवऱ्याला खिचडी, थर्मामीटर आणि गोळ्यांच्या वेळा शिकायला एक आठवडा पुरतो.

शेतीचे वेळापत्रक केमोसाठी थांबत नाही आणि केमोही शेतीसाठी थांबत नाही. स्तनाच्या कर्करोगात २१ दिवसांच्या अंतराने आठ केमो हा नेहमीचा क्रम आहे. पेरणीच्या जून महिन्यात पहिली दिली, तर शेवटची कापसाच्या वेचणीत, नोव्हेंबरात पडते. म्हणजे अख्खा खरीप त्यातच जातो. डवरणी, फवारणी, वेचणी कोणाच्या भरवशावर टाकायची हे भाऊबंदांशी आधीच बोलून घ्यावे. रुग्णाने फवारणीच्या जवळपासही फिरकू नये.

पैशाचा मोठा भार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने हलका होतो. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत वेगळ्या नावाने सुरू झालेल्या या योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधारवर नाव सारखे आहे का, हे आधीच तपासावे. नावातल्या फरकापायी मंजुरी अडते. रेल्वेत कर्करुग्णाला स्लीपर आणि तृतीय वातानुकूलित वर्गात पूर्ण, तर सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते, त्यासाठी दवाखान्याचे प्रमाणपत्र लागते. एसटीतही कर्करुग्णांना सवलत आहे. मुंबईत मुक्कामाचा प्रश्न असलेल्यांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा वर्षानुवर्षे आसरा देत आली आहे.

जोडीदाराची स्वतःची झोप, रक्तदाब, शुगर याकडे या सहा महिन्यांत कोणी पाहत नाही. मधली एखादी केमो बहिणीने किंवा मुलाने सांभाळावी आणि जोडीदाराने त्या दिवशी झोपावे. मन फारच खचले तर टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते.

शेवटच्या केमोनंतर केस महिना-दोन महिन्यांत उगवू लागतात. हातापायांच्या मुंग्या आणि थकवा मात्र कित्येक महिने राहू शकतो. पहिली दोन-तीन वर्षे तीन ते सहा महिन्यांनी तपासणी असते आणि प्रत्येक वेळी तीच फाईल लागते.