विश्लेषण : ऑनलाइन विक्रेत्याचे खाते का बंद होते? छोट्यांना फटका जास्त का?

अकोले तालुक्यातील इंद्रायणी तांदूळ असो की अहिल्यानगर शहरात शिवलेले कपडे, दुकान न थाटताही माल आता दूरवर विकता येतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्यांनाही ठरावीक उलाढालीपर्यंत राज्यांतर्गत ऑनलाइन विक्रीची मुभा मिळाली. मात्र या दुकानाच्या शटरची किल्ली विक्रेत्याकडे नसते. खाते कधी बंद होते आणि झाल्यास काय करता येते, ते समजून घेऊ.

विक्रेत्यांवर नजर कशी ठेवतात?

प्रत्येक ऑर्डरची नोंद संगणक ठेवतो आणि त्यातून टक्केवारी काढतो. उदाहरणार्थ, अॅमेझॉनच्या विक्रेता नियमांनुसार, सदोष ऑर्डरचे प्रमाण १ टक्क्याच्या आत हवे. खराब रेटिंग, भरपाईचा दावा आणि बँकेमार्फत परत मागितलेले पैसे हे सारे यात मोजले जाते. उशिरा रवाना केलेल्या ऑर्डर ४ टक्क्यांच्या, तर विक्रेत्याने रद्द केलेल्या ऑर्डर २.५ टक्क्यांच्या आत लागतात.

शिक्षा कोणती?

आधी इशारा येतो, मग उत्पादन यादीतून गायब होते आणि शेवटी खाते स्थगित होते. खात्यातील रक्कमही काही काळ अडकू शकते. बनावट मालाचा संशय असेल, तर इशाऱ्याशिवाय थेट कारवाई होते.

छोट्यांना फटका जास्त का?

गणित साधे आहे. समजा, एखाद्या बचत गटाने ६० दिवसांत ५० पिशव्या तांदूळ विकला आणि एकाच ग्राहकाने तक्रार केली. प्रमाण झाले २ टक्के, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. हजार ऑर्डर घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या ९ तक्रारी आल्या तरी तो ०.९ टक्क्यांवर सुरक्षित! पावसाळ्यात भंडारदरा परिसरात रस्ता बंद राहिला आणि २० पैकी एक पार्सल उशिरा निघाले, तर ५ टक्के उशीर. एवढ्यावर खाते बंद होईलच असे नाही, पण नोंद लाल रंगात जाते.

कंपन्या इतक्या कडक का?

कारण त्यांच्यावरही कारवाई होते. निकृष्ट प्रेशर कुकरची विक्री होऊ दिल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑगस्ट २०२२ मध्ये अॅमेझॉन आणि फ्लिपकार्टला प्रत्येकी १ लाख रुपये दंडाचे आदेश दिले. अयोध्येतील राम मंदिराचा प्रसाद म्हणून मिठाई विकली जात असल्याच्या प्रकरणात जानेवारी २०२४ मध्ये अॅमेझॉनला नोटीस गेली.

कायदा काय सांगतो?

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार ग्राहकाच्या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवे. विक्रेत्यांमध्ये भेदभाव होत असेल, तर तो अटींमध्ये नमूद करावा लागतो. पण खाते बंद करण्यापूर्वी विक्रेत्याला किती दिवसांची नोटीस द्यावी, हे या नियमांत नाही. ग्राहक आयोगाचा मार्गही अरुंद आहे. व्यापारासाठी सेवा घेणारा 'ग्राहक' ठरत नाही. केवळ उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्यांना यातून सूट आहे.

युरोपीय संघात जुलै २०२० पासून खाते कायमचे बंद करायचे असल्यास ३० दिवस आधी कारणांसह कळवावे लागते. वारंवार नियम मोडल्यास मात्र ही सवलत मिळत नाही.

विक्रेत्यांनी काय करावे?

• माल भरताना वजन आणि पॅकिंगचा व्हिडिओ काढा. कुरिअरवाल्याची पावती जपा.
• खाद्यपदार्थांसाठी एफएसएसएआय नोंदणी आणि बॅच क्रमांक तयार ठेवा.
• अतिवृष्टी किंवा घरच्या कार्याच्या काळात खाते 'सुट्टी'वर ठेवा. ऑर्डर घेऊन रद्द करणे महागात पडते.
• खाते स्थगित झाल्यास अपिलात तीनच गोष्टी लिहा : चूक का झाली, काय दुरुस्त केले, पुन्हा होऊ नये म्हणून काय केले. सोबत पुरावे जोडा.
• अडकलेल्या रकमेची मागणी लेखी करा. वाद कोणत्या शहरात चालेल, हे करारातील कलम नोंदणीपूर्वीच वाचा.

आणि सगळा माल एकाच खात्यावर सोडू नका. आठवडे बाजारातले गिऱ्हाईक टिकवून ठेवा. तिथे एका तक्रारीवरून कोणी शटर पाडत नाही.