काचेची फळी आणि मागची भिंत

जुन्या वाड्यांच्या भिंती दीड-दोन फूट जाड असत. पणती, पोथी, अडकित्ता यांची सोय भिंतीच्या पोटातच, कोनाड्यात होई. आजच्या फ्लॅटची आतली भिंत चार-सहा इंचांची. तिच्यात कोनाडा कोरायचा कुठून? मग फळी बाहेर काढावी लागते, आणि लहान घरात ती काचेची असावी असं माझं ठाम मत आहे. खिडकीशेजारी प्लायची फळी ठोकली की खाली सावलीचा पट्टा पडतो. काच उजेड पुढे जाऊ देते आणि खोली भरल्यासारखी वाटत नाही.

काचेच्या दुकानात आधी विचारतात, ‘किती एमएम?’ हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर काचेचं वजन जाडीच्या दर मिलिमीटरला अडीच किलो. म्हणजे ६० सेंटीमीटर लांब, १५ सेंटीमीटर रुंद आणि ८ मिलिमीटर जाड फळी साधारण १.८ किलोची होते. एवढ्या लांबीला ८ मिलिमीटर पुरते; लांबी वाढली तर १० घ्या. दोन मिलिमीटरचा फरक किरकोळ वाटतो, पण त्याने काचेचा ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो.

काच टफन्डच हवी. साधी काच भट्टीत ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून तिच्यावर जोरदार हवेचे झोत सोडतात. पृष्ठभाग आधी आवळतो, गाभा मागाहून निवतो आणि आकसताना पृष्ठभागाला दाबून धरतो. या दाबामुळेच ती साध्या काचेच्या चार-पाचपट मजबूत होते आणि फुटलीच तर सुरीसारखे तुकडे न होता बोथट खडे होतात. मात्र टफन झाल्यावर तिला कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. तसा प्रयत्न केला तर सगळी काच एकदम फुटते. आणखी एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही: टफन केल्याने काच मजबूत होते, ताठ होत नाही. त्याच जाडीच्या साध्या काचेइतकीच ती वाकते, म्हणून जाडीत काटकसर नको. क्वचित एखादी टफन्ड काच आतल्या निकेल सल्फाइडच्या कणामुळे आपोआपही फुटते. त्यासाठी पलंगाच्या उशाशी किंवा पाळण्यावर काचेची फळी लावू नका.

पण माझ्या पाहण्यात काच फुटण्यापेक्षा फळी भिंतीतून सुटून येणंच जास्त. ड्रिल करताना पडणारी भुकटी पाहा. तांबडी आली तर विटांची भिंत, करडी आणि कठीण आली तर काँक्रीट. पांढुरकी, पिठासारखी भसाभस पडली तर एएसी ब्लॉक, ज्याला साइटवर सगळे सिपोरेक्स म्हणतात. नव्या इमारतींत हेच ब्लॉक जास्त दिसतात. ते भुसभुशीत असल्याने नेहमीची प्लास्टिकची गिट्टी त्यात काही महिन्यांत सैल पडते. त्यांच्यासाठी वेगळे, लांब पकडीचे प्लग मिळतात. तेच मागा आणि ड्रिलचा हातोडीचा मोड बंद ठेवायला सांगा.

वजन कुठे ठेवता यालाही महत्त्व आहे. तीच बरणी फळीच्या मध्यावरून पुढच्या कडेला सरकवली की भिंतीतल्या वरच्या स्क्रूवरची ओढ दुप्पट होते. जड वस्तू भिंतीला चिकटून, हलक्या पुढे. ब्रॅकेटमध्ये धातू आणि काच यांच्यामध्ये रबराची पट्टी असलीच पाहिजे. कडेला धातूचं टोक लागलं की टफन्ड काचही दगा देते. मुंबई, रत्नागिरी, पणजीच्या खाऱ्या हवेत ब्रॅकेट ३१६ ग्रेडच्या स्टीलचे घ्यावेत. ३०४ वर तिथे तांबूस डाग धरतात.

ऑर्डर देताना काचेच्या कोपऱ्यावर आयएस २५५३ चा ठसा मागा, चारही कडा पॉलिश करून घ्या, आणि भोकं हवी असतील तर त्यांची मापं काच भट्टीत जाण्यापूर्वी लिहून द्या. त्यानंतर ती बदलता येणार नाहीत.